तळ्यातले सूतपान

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावाला तळे असते. कुठे जुने गावतळे, कुठे पाझर तलाव, तर कुठे धरणाचे मागे पसरलेले पाणी. दिवाळी झाली, पावसाचे गढूळ पाणी निवळले, की तळ्याच्या काठावर उभे राहून आत पाहा. तळाशी काहीतरी हिरवे हलताना दिसेल. वाऱ्यावर केस भुरभुरावेत तसे ते पाण्यात भुरभुरते. पाय घातला तर पोटरीला सुतासारखे गुंडाळते.

"शेवाळ आहे," असे म्हणून आपण पाय झटकतो.

पण हे शेवाळ नव्हे. ही एक वनस्पती आहे. हिला मूळ आहे, खोड आहे, पान आहे, फूल आहे आणि बीसुद्धा आहे. पान सुतासारखे बारीक, म्हणून या पाठात आपण तिला 'सूतपान' म्हणू. आता हे सूतपान आपले मित्र की वैरी, हे या पाठात पाहायचे आहे.

ग्रामसभेतला प्रश्न

समजा, एका गावात ग्रामसभा भरली आहे. विषय एकच : तळ्यातले गवत.

आधी काकू उठल्या. त्या घाटावर रोज धुणे धुतात. त्या म्हणाल्या, "घाटावर पाय ठेवायला जागा न्हाई. परवा पोराचा पाय गवतात गुंतला. मी जवळ होते म्हणून निभावलं."

मग मोटारीवाले दादा बोलले. "माझ्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये दर आठ दिसाला गवत अडकतं. पाणी ओढत न्हाई, मोटार तापते."

मासेमारीचा ठेका घेतलेले भोईआबा म्हणाले, "जाळं टाकलं की मासा थोडा अन् गवत फार. ठेक्याचे पैसे मात्र भरावेच लागतात."

तेवढ्यात एक तरुण पुढे आला. "एवढं बोलायचं कशाला? शेतात तणनाशक मारतो, तेच तळ्यात टाकू. आठ दिवसांत तळं साफ!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचताई ठराव लिहून घ्यायला सांगणार, तोच भोईआबा पुन्हा उठले.

"जरा थांबा," ते म्हणाले. "गवत मला नको हाय, हे खरं. पण मागच्या वैशाखात पलीकडच्या तळ्यात असंच औषध टाकलं होतं. गवत मेलं. मासे चार-पाच दिवस चांगले होते. मग एका पहाटे सगळे उलटे होऊन तरंगले. औषधानं मरायचे तर आधीच मेले असते. मग ते मेले कशानं? हे कळल्याबिगर मी हो म्हणणार न्हाई. माझं घर त्या मासळीवर चालतं."

सभा गप्प झाली. खरेच, मासे कशाने मेले?

सरपंचताई विचार करून म्हणाल्या, "ठराव पुढच्या सभेत करू. गुरुजी, रविवारी तुम्ही तळ्यावर येता का? आम्ही सगळे येतो. आधी गवत तर ओळखू या."

ओळख पटवणे

रविवारी सकाळी मंडळी तळ्यावर जमली. गुरुजींनी दोरी बांधलेले दाताळे पाण्यात टाकले आणि ओढून घेतले. हिरव्या गवताचा एक पुंजका वर आला.

"आता बघा," गुरुजी म्हणाले, "पाण्यात हे कसे ताठ उभे होते! बाहेर काढताच ओल्या फडक्यासारखे गळाले. असे का?"

काकू म्हणाल्या, "त्याच्यात दमच न्हाई."

"दम हवाच कशाला? जमिनीवरच्या झाडाला स्वतःचा भार स्वतः तोलावा लागतो. म्हणून त्याच्या खोडात लाकूड असते. या गवताला पाणीच उचलून धरते. शिवाय याच्या खोडात आणि पानांत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे ते तरंगत उभे राहते."

मग गुरुजींनी एकच फांदी वेगळी करून दाखवली. खोड सुतळीपेक्षाही बारीक होते. वरच्या बाजूला त्याला फांद्यांवर फांद्या फुटलेल्या होत्या. पाने लांब, काही वीतभरसुद्धा. पण रुंदी दाभणाएवढीही नाही. सगळी पाने मिळून केरसुणीसारखी दिसत होती.

"हे दुसऱ्या गवतापासून ओळखायचे कसे?" दादांनी विचारले.

"पानाचे टोक धरा आणि हळूच ओढा. ज्वारीचे पान ओढले म्हणजे खोडाला गुंडाळलेला खालचा भागही सोबत येतो. येतो ना? तसाच इथे येतो. ही सूतपानाची खूण."

तळ्यात आणखीही गवते असतात. एकाची लहान पाने खोडाभोवती चार-चार, पाच-पाच, कधी आठसुद्धा, गोल चक्रासारखी लागतात, आणि त्यांच्या कडा हाताला खरखरीत लागतात. ते हायड्रिला. दुसऱ्याची पाने हरणाच्या शिंगासारखी दुभंगलेली असतात आणि त्याला मूळच नसते. तिसरे हाताला कुरकुरीत लागते आणि चुरगळले की उग्र वास येतो. ते मात्र खरोखरच शेवाळाच्या जातीतले आहे. शेवाळाला खरे मूळ नसते आणि फूलही नसते. सूतपानाला दोन्ही असतात.

सूतपानाचे शास्त्रीय नाव 'पोटॅमोजेटॉन पेक्टिनेटस' असे आहे. नाव लांबलचक, पण अर्थ सोपा. 'पोटॅमोजेटॉन' म्हणजे नदीचा शेजारी. 'पेक्टिनेटस' म्हणजे फणीसारखा. स्वीडन देशातले वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात हे नाव दिले. हल्ली पुष्कळ शास्त्रज्ञ याला 'स्टुकेनिया पेक्टिनाटा' म्हणतात. नाव बदलले तरी फणी कायम राहिली!

हे गवत केवळ आपल्याकडचे नाही. आशिया, युरोप, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा सगळ्या खंडांत ते सापडते. थोडे मचूळ पाणीही त्याला चालते.

पान इतके बारीक का?

वडाचे पान पंजाएवढे रुंद. मग सूतपानाचे पान सुतासारखे का?

पाण्याखाली दोन अडचणी असतात. पहिली, उजेड कमी मिळतो. दुसरी, हवा कमी मिळते. जमिनीवरच्या झाडाच्या पानाला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पान हवा घेते. सूतपानाला अशी छिद्रे लागत नाहीत. त्याच्या पानाची साल फार पातळ असते. त्या सालीतूनच पाण्यात विरघळलेला वायू पानात जातो. क्षारही जातात.

आता एक भाकरी घ्या. तिचे बारीक तुकडे करा. भाकरी तेवढीच राहते, पण ताकात टाकली तर अख्ख्या भाकरीपेक्षा कुस्करलेली लवकर भिजते. कारण तिला चहूबाजूंनी ताक लागते. पानाचेही तसेच. एका रुंद पानाऐवजी शेकडो बारीक पाने असली, म्हणजे पाणी सर्व बाजूंनी लागते. शिवाय ओढ असलेल्या पाण्यात रुंद पान फाटते. बारीक पान पाण्याबरोबर लवते आणि टिकते.

दोन ग्लासांचा प्रयोग

गुरुजींनी काचेचे दोन ग्लास मागवले. दोन्हींत तळ्याचे निवळ पाणी भरले. एकात सूतपानाची ताजी, नुकतीच तोडलेली फांदी बुडवली. दुसऱ्यात काहीच टाकले नाही. दोन्ही ग्लास उन्हात ठेवले.

थोड्या वेळाने फांदीवर बारीक बुडबुडे दिसू लागले. मोत्यांसारखे ते एकामागून एक वर जाऊ लागले. दुसऱ्या ग्लासात काचेला चिकटलेले चार-दोन बुडबुडे तेवढे दिसत होते. मग गुरुजींनी फांदीचा ग्लास सावलीत नेला. बुडबुडे मंदावले.

"दुसरा ग्लास कशाला ठेवला?" एका मुलीने विचारले.

"चांगले विचारलेस. पाणी तापले की त्यातून आपोआपही थोडे बुडबुडे निघतात. मग गवताचे कोणते आणि उन्हाचे कोणते, हे कळणार कसे? नुसत्या पाण्याचा ग्लास शेजारी असला की फरक दिसतो."

हे बुडबुडे कशाचे? हिरवे पान उजेडात आपले अन्न तयार करते. त्यासाठी ते कर्बवायू घेते आणि प्राणवायू सोडते. पाण्यातले गवत हा प्राणवायू पाण्यात सोडते. मासे तोच घेऊन जगतात.

पाण्यात प्राणवायू फार थोडा मावतो. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, २५ अंश उष्णतेला, सुमारे ८ मिलिग्रॅमच मावतो. पाणी तापून ३० अंशांवर गेले, तर साडेसात. म्हणजे जितके ऊन जास्त, तितका प्राणवायू कमी. रोहू, कटला, मृगळ या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम तरी हवा. ३ च्या खाली गेला, की मासे कासावीस होतात आणि पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतात.

आबा हळूच म्हणाले, "पहाटे मासे आ वासतात ते मी किती वेळा पाहिलंय. भूक लागली असेल असं वाटायचं."

मासे पहाटेच का मरतात?

गुरुजी म्हणाले, "आबा, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधू."

झाड दिवसा प्राणवायू सोडते. पण झाडही जिवंत आहे. श्वास तेही घेते, दिवसा आणि रात्रीसुद्धा. दिवसा जमा जास्त आणि खर्च कमी. रात्री उजेड नाही, म्हणून जमा बंद. खर्च मात्र चालूच. गवत श्वास घेते, मासे घेतात, चिखलातले जंतू घेतात. रात्रभर पाण्यातला प्राणवायू घटत जातो. सगळ्यात कमी केव्हा असेल?

"पहाटे!" दोघे-तिघे एकदम म्हणाले.

"बरोबर. सूर्य उगवला की पुन्हा जमा सुरू. ही रोजची वही आहे. ती जुळते तोवर मासे जगतात. आता पलीकडच्या तळ्याचा हिशेब करा. औषध टाकले. सगळे गवत एकदम मेले. मग?"

दादा म्हणाले, "जमा बंद झाली."

"आणि खर्च?"

काकू म्हणाल्या, "मेलेलं गवत कुजणार. घाण वास येणार."

"कुजणे म्हणजे काय? असंख्य बारीक जंतू ते गवत खातात. खाताना तेही प्राणवायू घेतात. एक-दोन दिवसांत कुजणे वाढत जाते. त्यात वैशाखाचे दिवस. पाणी तापलेले, म्हणजे मुळात भांडवलच कमी. जमा बंद, खर्च दुप्पट-तिप्पट. चौथ्या-पाचव्या रात्री वही शून्यावर आली, आणि पहाटे मासे गुदमरले."

आबा बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "म्हणजे विषानं न्हाई, श्वास कोंडून मेले."

"तसेच वाटते. शिवाय औषध पाण्यात गेले, ते वेगळेच."

डब्यावर काय लिहिले आहे?

औषधाचा विषय निघाला, तेव्हा तो तरुण म्हणाला, "पण दुकानात राजरोस मिळतं ना?"

त्याने डबा सोबतच आणला होता. काकूंनी तो हातात घेतला. काकू गेल्या वर्षापासून साक्षरतेच्या वर्गाला जातात. डब्यासोबतचे माहितीपत्रक त्यांनी उलगडले. अक्षर फार बारीक होते. उन्हाकडे धरून, बोट ठेवत ठेवत, त्या वाचू लागल्या.

"त-ळी... वि-हि-री... ओ-ढे... यां-च्या पा-ण्या-त... मि-स-ळू... दे-ऊ न-का."

त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, न थांबता वाचले. "तळी, विहिरी, ओढे यांच्या पाण्यात मिसळू देऊ नका."

तरुणाने डबा परत घेतला. "मी वाचलंच नव्हतं," तो म्हणाला.

"आपण सगळेच वाचत न्हाई," काकू म्हणाल्या. "तळ्यावर जनावरं पाणी पितात. पोरं पोहतात. आता तरी वाचू."

हे गवत पेरले कुणी?

"गुरुजी, हे तळं आपण खोदलं तेव्हा आत नुसता मुरूम होता," आबा म्हणाले. "हे गवत आणून टाकलं कुणी?"

सूतपानाचे फूल पाहिले, तर याचे उत्तर मिळते. एका लांब, लवचिक देठावर त्याची फुले लागतात. माळेत मणी ओवावेत, तशी थोड्या थोड्या अंतरावर. फुलाला रंगीत पाकळ्या नसतात, वासही नसतो. फुलपाखराला बोलवायचे नसेल, तर नटायचे कशाला? ही माळ पाण्यावर तरंगते. पराग पाण्याच्या पृष्ठभागावर पडतात आणि लाटांबरोबर वाहत दुसऱ्या फुलाला जाऊन मिळतात. जमिनीवर जे काम मधमाशी करते, ते इथे पाणी करते.

एका फुलाला चारपर्यंत फळे धरतात. फळ ज्वारीच्या दाण्याएवढे, कठीण सालीचे. ते चिखलात पडून राहते आणि तळे आटले तरी वाट पाहते.

याशिवाय चिखलातल्या आडव्या खोडांना टोकाशी लहान गाठी येतात. वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान. बटाट्यासारखे त्यांत पीठ साठलेले असते. वरचे गवत वाळले, तरी गाठ ओल्या चिखलात राहते आणि अनुकूल काळ आला की फुटते. म्हणून वरवर गवत कापले, तरी ते पुन्हा येते.

या गाठी आणि बिया म्हणजे बदकांची मेजवानी. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून बदकांचे थवे आपल्याकडे येतात. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. १९८६ साली तो पक्ष्यांचे अभयारण्य झाला. तिथल्या उथळ पाण्यात सूतपानाच्या कुळातली गवते वाढतात. दर हिवाळ्यात तिथे हजारो पक्षी उतरतात. आपल्या लहान तळ्यावरही काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी दिसतो. काही ठिकाणी त्याला चांदवा म्हणतात. तोही बुडी मारून पाण्यातले गवत काढतो.

बदकाने खाल्लेले सगळेच बी पचत नाही. काही विष्ठेवाटे बाहेर पडते आणि रुजते. एका तळ्यात जेवायचे, दुसऱ्या तळ्यात पेरायचे! आता कळले ना, गवत कुणी पेरले?

गवत आहे म्हणून काय काय आहे

सूतपानाचे आणखी उपयोग आहेत. त्याची मुळे तळाचा चिखल धरून ठेवतात. त्याच्या दाटीत लाटा मंदावतात आणि गाळ खाली बसतो. म्हणून गवताच्या तळ्याचे पाणी बहुधा नितळ असते. माशांची लहान पिले मोठ्या माशांपासून गवतात लपतात. पाण्यातले बारीक किडेही तिथेच राहतात, आणि पुष्कळ मासे ते किडे खातात.

मात्र नितळ पाणी म्हणजे पिण्याजोगे पाणी नव्हे. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तळ्याचे पाणी प्यायचेच असेल, तर उकळून प्यावे.

तोटेही खरेच आहेत. काठावरच्या दाट गवतात डासांच्या अळ्यांना आडोसा मिळतो. पाण्यातल्या गोगलगायी तिथे राहतात. त्यांतल्या काही गोगलगायींमुळे जनावरांना पर्णकृमीची बाधा होते. हे पानासारखे चपटे कृमी जनावराच्या यकृतात राहतात आणि जनावर खंगते. कृमीची बारीक पिले पाण्यातल्या गवताला चिकटलेली असतात. म्हणून तळ्यातले ओले गवत गुरांना चारू नये.

गवत माजते कशाने?

"हे सगळं खरं," दादा म्हणाले. "पण दहा वर्षांमागं एवढं गवत नव्हतं. आता का माजलं?"

गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी सगळ्यांना तळ्याला एक फेरी मारायला सांगितले.

फेरी मारताना मंडळींनी काय पाहिले? गावातले सांडपाणी एका चरातून तळ्यात येत होते. उकिरड्याचे काळे पाणी उताराने तळ्याकडे वाहत होते. वरच्या उसाच्या शेतातला पाट तळ्यातच उतरत होता. त्यात युरियाही विरघळून येत असणार.

"आता सांगा," गुरुजी म्हणाले, "शेताला खत घातले की पीक माजते. तळ्याला खत घातले की काय माजेल?"

कुणाला उत्तर सांगावे लागले नाही.

गवत हे खत शोषून घेते. सगळे गवत काढून टाकले, तर ते खत जाते कुठे? ते पाण्यातच राहते. मग ते कोण खाते? डोळ्यांना न दिसणारे बारीक शेवाळ. ते वाढले की पाणी हिरवेगार होते आणि त्याला वास येतो. उजेड तळापर्यंत पोचत नाही. म्हणजे गवत गेले आणि त्याहून वाईट आले.

मग करायचे काय?

पुढची ग्रामसभा भरली. या वेळी टाळ्या कमी आणि बोलणे जास्त झाले.

एकाने गवत्या माशाची सूचना केली. हा मासा गवत खातो. १९५९ साली तो बाहेरून भारतात आणला गेला. उपाय चांगला आहे, पण मासे जास्त सोडले तर ते सगळेच गवत फस्त करतात. मग पुन्हा हिरवे पाणी. म्हणून किती मासे सोडायचे, हे मत्स्य व्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना विचारून ठरवावे, असे सभेने म्हटले.

शेवटी सरपंचताईंनी ठराव वाचून दाखवला :

१. तळ्यात कोणतेही तणनाशक टाकायचे नाही.

२. घाटाजवळचे, पंपाजवळचे आणि जाळे ओढण्याच्या पट्ट्यातले गवत दाताळ्याने ओढून काढायचे. बाकीचे ठेवायचे.

३. सगळे एका दिवशी काढायचे नाही. थोडे थोडे काढायचे. फुले येण्याआधी काढले तर बी पडत नाही.

४. काढलेले गवत आणि त्याचे तुकडे पाण्यात सोडायचे नाहीत. ते पाण्यात कुजतात, आणि काही गवतांचे तुकडे पुन्हा मूळ धरतात.

५. गवत काठावर निथळून, शेण आणि पालापाचोळा मिसळून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचे. तळ्यातले खत असे शेतात परत जाईल.

६. गवत काढताना एकट्याने पाण्यात उतरायचे नाही. पाय गुंतला तर चांगला पोहणाराही बुडतो. दोघांनी जायचे आणि एकाने काठावर दोरी घेऊन थांबायचे.

७. सांडपाण्याचा चर तळ्याकडून वळवून शोषखड्ड्यात न्यायचा. उकिरडा उतारावरून हलवायचा.

सातव्या कलमावर वाद झाला. उकिरडा हलवायला जागा कुणी द्यायची? उसाच्या पाटाचे काय? काही जण रागावून उठले. ते प्रश्न त्या दिवशी सुटले नाहीत. पण पुढच्या रविवारी घाट मोकळा झाला. चर वळवण्यासाठी बारा जण कुदळ-फावडे घेऊन आले. त्यांत औषधाचा डबा आणणारा तरुणही होता.

आबा पहाटे तळ्यावर गेले. पाण्यात वाकून पाहिले. मासे आ वासत नव्हते. खाली सूतपान हळूहळू डोलत होते. आबा काठावर बसले आणि त्यांनी जाळे उलगडायला घेतले.

बंधुभगिनींनो, गवत आपले मित्र की वैरी, हा आपला प्रश्न होता. उत्तर असे : तळ्याला प्रमाणात गवत हवे. मिठासारखे. मीठ जास्त झाले तर भाजी खारट होते, म्हणून कुणी मीठ टाकून देत नाही. आणि गवत फार माजले, तर गवतावर रागावण्याआधी तळ्याला एक फेरी मारावी.

लक्षात ठेवा

सूतपान शेवाळ नाही. त्याला मूळ, खोड, पान, फूल आणि बी असते.
हिरवे गवत उजेडात पाण्याला प्राणवायू देते. रात्री तेही प्राणवायू घेते.
पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो.
सगळे गवत एकदम मारले, तर ते कुजते आणि मासे गुदमरतात.
औषधाच्या डब्यावरचे आणि माहितीपत्रकातले वाचल्याशिवाय औषध वापरू नये.

विचार करा आणि लिहा

१. पाण्याबाहेर काढल्यावर सूतपान का गळते?
२. प्रयोगात दुसरा, नुसत्या पाण्याचा ग्लास का ठेवला?
३. पलीकडच्या तळ्यातले मासे औषध टाकल्याबरोबर न मरता चार-पाच दिवसांनी का मेले?
४. नव्या तळ्यात सूतपान कसे येते?
५. तुमच्या गावच्या तळ्याला एक फेरी मारा. कोणकोणते पाणी त्यात येऊन मिळते, ते पाच ओळींत लिहा.